न शिकलेल्या गोगलगायी

सर आठ मिनिटं शिकवायचे आणि मग आठ मिनिटं काहीच करायचे नाहीत. वाक्य अर्धं असलं तरी थांबायचे. खडू खिशात टाकायचे, खिडकीपाशी जायचे आणि त्याच खिशातून भाजलेल्या शेंगा काढून एकेक सोलायचे. तेवढ्या वेळात आम्ही वही उघडायची नाही, फोनला हात लावायचा नाही, शेजारणीला "काय म्हणाले?" असंसुद्धा विचारायचं नाही. कुणी पान उलटल्याचा आवाज आला तर सर मागे न वळता म्हणायचे, "प्रथिनं कामावर आहेत. त्यांना मध्ये मध्ये हाका मारू नका."

एकदा दाण्याबरोबर खडूचा तुकडाही त्यांच्या तोंडात गेला. त्यांनी तो नीट चावला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "कॅल्शियम. आजचाच विषय."

आम्ही हसलो. पण कॅल्शियम पेशीत शिरतं आणि तिथून सगळं सुरू होतं, हे वर्गातला कुणी अजून विसरला असेल असं मला वाटत नाही.

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण मला ते नीट जमेल का, हे माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आजूबाजूला असा माणूस मी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्यातलं विचित्र कोणतं आणि सगळेच प्राध्यापक असे असतात ते कोणतं, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

सर सुरतचेच, गुजराती. वर्गात गुजरातीत शिकवत. माझ्याशी मात्र मराठी बोलत. बडोद्याला शिकत असताना ते एका मराठी बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले होते आणि मराठी त्यांनी त्या मालकीणबाईंकडूनच उचलली होती. त्यामुळे पन्नाशीचे, टक्कल पडलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे सर मला म्हणायचे, "अगंबाई, अजून डबा नाही खाल्लास?" किंवा "थांब हं, मी आलेच." वर्गात मराठी समजणारी मी एकटी, त्यामुळे हसायची चोरी. आणि ते इतक्या मायेनं बोलायचे की हसू यायचं ते आपोआप जिरायचं.

ते जे शिकवत, ते मी माझ्या शब्दांत सांगून बघते.

मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. तिथे निरोप आला की आत कायनेज नावाची प्रथिनं जागी होतात. ती दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची चिठ्ठी चिकटवत जातात आणि चिठ्ठी लागली की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं. काही वेळ ती जागा जास्त जोरात ऐकू लागते किंवा कमी. पण हे टिकत नाही. टिकायला हवं असेल तर निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जावा लागतो, तिथे नवीन प्रथिनं बनवायचा हुकूम निघावा लागतो आणि मग ती जागाच बदलून जाते.

सर हे कापडबाजारातून समजावत. "एखाद्या व्यापाऱ्याची एकदा ऑर्डर आली तर मालक काय करतो? दुकानात आहे तोच माल देतो. तासाभरात त्याचेच दहा फोन आले तर? म्हणतो, ह्याचं डोकं फिरलंय. पण दर आठवड्याला न चुकता ऑर्डर यायला लागली की?"

"नवीन मशीन बसवतो," आम्ही म्हणायचो.

"ते नवीन मशीन म्हणजे आठवण. आणि दोन ऑर्डरींच्या मधले रिकामे दिवस? त्या दिवसांतच मशीन बसतं." एवढं बोलून ते खिडकीशी जात.

एकदा विभागप्रमुख मॅडम अचानक वर्गात आल्या. चाळीस मुलं हाताची घडी घालून गप्प आणि सर शेंगा सोलतायत.

"सर, तास चालू आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"हो, जोरात चालू आहे," सर म्हणाले. "फक्त आवाज येत नाही."

मॅडमनी लेखी खुलासा मागितला. सरांनी दिला, तीन पानी, आकृत्यांसह. मॅडमनी तो परत पाठवला. सरांनी आठ दिवस थांबून तोच खुलासा पुन्हा दिला. मॅडमनी नाद सोडला.

आम्ही सुरतेतच नवागामला राहतो, सगळी वस्ती खानदेशातून आलेली. आमची खोली वरच्या मजल्यावर, खाली लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. आबा त्याच खात्यात मशीन चालवतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. माय घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापते. तिसऱ्या वर्षाला गेले तेव्हाच आबांनी सांगून टाकलं होतं, "बी.एस्सी. व्हयनं का बस. सचिनले चेकिंगनी जागा बोली ठेयेल शे." सचिन म्हणजे सुरतजवळची कारखान्यांची वसाहत. तिथे कापडातले दोष बघून खूण करायचं काम. आबांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ते काम सावलीतलं, बसून करायचं आहे. पण मला पुढे एम.एस्सी.ला जायचं होतं. आणि ते आबांना पटेल असं माझ्या हातात एकच होतं, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. ते सरांकडे होतं.

कॉलेजात प्रथिनं मोजायची सोय नव्हती. सर म्हणाले, "मग वागणं मोजू या. प्रथिनं आत काय करतात ते बाहेर दिसतंच." त्यांनी मला गोगलगायी दिल्या. म्हणजे दिल्या नाहीत, कामरेजकडे उसाच्या शेतांच्या बांधावर भरपूर मिळतात, तिथून गोळा करायला चल म्हणाले.

"एकली नको जाऊ. मी बी येसू," माय म्हणाली.

अशी ती आली आणि चोवीसपैकी सतरा तिनंच वेचल्या. सर तिला म्हणाले, "कित्ती पटापट दिसतात हो तुम्हाला!" मायनं पदर तोंडावर धरला. हसू लपवायला. मग परत येताना बसमध्ये मला हळूच विचारलं, "ह्या बी आते कालेजमा शिकणार शेतस का?"

खरोखरच शिकणार होत्या. गोगलगाय शिंगं बाहेर काढून चालत असते. तिच्या डब्यावर पेन्सिलीनं टकटक केली की ती शिंगं आत ओढते. पुन्हा टकटक, पुन्हा आत. पण त्यातून वाईट काहीच होत नाही हे तिला कळलं की ती ओढणं सोडते. सगळी टकटक एकदमच केली तर उद्यापर्यंत ती हे विसरते. मध्ये वेळ सोडून, दिवसातून चार वेळा, रोज केली तर पुष्कळ दिवस लक्षात ठेवते. मी बारा गोगलगायींना असं शिकवायचं आणि बारांना काहीच शिकवायचं नाही. शेवटी दोन्ही गटांमधला फरक बघायचा. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत चोवीसच्या चोवीस गोगलगायींनी शिंगं आत ओढली होती.

प्रयोगशाळा अकरा ते पाचच उघडी असे, रविवारी बंद. मला सकाळी आणि संध्याकाळीही टकटक करायची होती. म्हणून दोन्ही डबे मी घरी नेले. एकावर 'शिकलेल्या' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'न शिकलेल्या'. ओलं फडकं, कोबीची पानं, वर जाळी. दोन्ही डबे भिंतीशी शेजारी शेजारी ठेवले.

दहा दिवस मी एकही वेळ चुकवली नाही. अकराव्या दिवशी तपासलं. शिकलेल्या गोगलगायींनी शिंगं आत घेतली नाहीत. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच टाळी वाजवली. मग दुसऱ्या डब्यावर टकटक केली.

त्यांनीही घेतली नाहीत.

वाटलं, चिठ्ठ्या बदलल्या. तसं नव्हतं. पेन्सिल बदलून पाहिली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. ज्यांना मी काही शिकवलंच नव्हतं त्या शांतपणे कोबी खात होत्या. फरक काहीच नाही, म्हणजे प्रोजेक्टही काहीच नाही. मला सचिनचं ते टेबल आणि वरून सरकत येणारं कापड दिसायला लागलं.

मी ते पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि मायच्या धाग्यांच्या कचऱ्यात टाकले. नवीन पानावर न शिकलेल्यांचे आकडे जसे यायला हवे होते तसे लिहिले. थोडे मागेपुढे केले, खरे वाटावेत म्हणून.

सरांनी वही पाहिली. "अगंबाई, कित्ती सुंदर आलंय!" मग चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा पाहिलं. "ह्या न शिकलेल्या गोगलगायी फारच शहाण्या दिसतात. मी उद्या बघायला येते हं."

मी पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जिना चढून आले. आबांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, ते झोपेतून उठून भिंतीला टेकून बसले. मायनं साड्यांचे गठ्ठे बाजूला सारून सरांना सतरंजी घातली. सर सरळ डब्यांपाशी गेले. खिशातून स्वतःची पेन्सिल काढली आणि न शिकलेल्यांच्या डब्यावर टकटक केली. एकदा, दोनदा, पाचदा. एकही शिंग हललं नाही.

त्यांनी वही मागितली. डबा पाहिला, वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वहीतल्या गोगलगायी वेगळ्या होत्या," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. आबांना काही कळलं नाही, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. त्यांनी मायला खूण केली. मायनं पाण्याचा स्टीलचा पेला आणून सरांच्या समोर फरशीवर ठेवला. दुसरं काय करणार?

सर पेला उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग गुडघे टेकून बसले. मग चक्क पालथे पडून पेल्यात बघायला लागले. मायनं घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"पाणी शे, सर. चांगलं शे," माय म्हणाली.

"हलतंय!"

आम्ही तिघं वाकलो. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उमटत होती. एक संपायच्या आत दुसरं. थांबतच नव्हती.

"काय हालस? काहीच नही हालत," आबा म्हणाले. त्यांनी तळहात फरशीवर ठेवला आणि मान हलवली. मीही ठेवला. मला खरंच काही जाणवलं नाही. खाली लूम चालतात, त्यांचा आवाज असतो, हे आम्हाला माहीत होतं. पण आमची जमीन हलते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी त्या खोलीत जन्मले. आबा चोवीस वर्षं त्या मशीनांवर आहेत.

सर उठून बसले. त्यांच्या शर्टाला साड्यांचे धागे चिकटले होते आणि चेहरा असा उजळला होता की मी माझी भीतीच विसरले. "मला पायरीवरच कळत होतं, हादरा दातांपर्यंत येतोय! आणि तुम्हाला नाही? तिघांनाही नाही?" त्यांनी डब्यावरची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "अगं, कसल्या न शिकलेल्या! ह्यांची शाळा रात्रंदिवस चालू आहे. तू दिवसातून चारदा टकटक करत होतीस, खालचं मशीन थांबतच नव्हतं. तुला एवढं मोठं सापडलं होतं, आणि तू ते... खरे आकडे कुठे आहेत?"

"फाडले," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "खोटे लिहिलेस, ते कळलं मला. पण खरे फाडायचे गं?"

निघताना जिन्यात त्यांनी विचारलं, "ते आकडे कुठून आणलेस?" मला रडू आलं, बोलता आलं नाही. ते गेले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शक पुसता पुसता, अगदी तोच प्रश्न. "ते आकडे कुठून आणलेस?" मी खालच्या आवाजात म्हणाले, "मनानं लिहिले." त्यांनी मान डोलावली.

आठवड्यानं बसस्टॉपवर ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मागेपुढे माणसं होती. "ते आकडे कुठून आणलेस?"

"मी खोटे लिहिले, सर. भीती वाटली म्हणून."

"कशाची?"

"सचिनच्या जागेची."

"बरं," ते म्हणाले आणि आलेल्या बसमध्ये चढून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

दिवाळीत लूम बंद होतात आणि आमची सगळी वस्ती गावी जाते. सर म्हणाले होते, जमीन थांबल्यावर काय होतं ते बघता आलं तर बघ. आबांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. वर्षातून एकदाच गाव बघायला मिळतं. पण पेल्यातलं पाणी पाहिल्यापासून आबा अधूनमधून फरशीवर तळहात ठेवून बघत. मी सांगितल्यावर म्हणाले, "मायले धाडी दे. आपण दोन्ही राहू."

खातं थांबलं त्या दिवशी आम्हा दोघांनाही चैन पडेना. काहीतरी करायचं राहिलंय असं वाटत राहायचं. आबा उठून नळ बंद आहे का ते बघून यायचे. मी दिवसातून एकदाच टकटक करायची आणि जे दिसेल ते पेनानं लिहायची. पहिले पाच दिवस कुणीही शिंग हलवलं नाही. सहाव्या दिवशी मी भात लावत होते. आबा न शिकलेल्यांच्या डब्यापाशी उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "जरा ठोक बरं." मी टकटक केली.

"हाई देख! इनी डोया मझार लिधा!"

शिंगाच्या टोकाला गोगलगायीचा डोळा असतो. तो तिनं आत ओढून घेतला होता. दिवाळी संपेपर्यंत त्या डब्यातल्या नऊजणी पुन्हा दचकायला लागल्या. ज्यांना मी मध्ये वेळ सोडून शिकवलं होतं, त्यांतल्या बऱ्याच मात्र अजून शांत होत्या. सर म्हणाले, एवढ्याशा गोगलगायींवरून सिद्ध काही होत नाही, पण प्रश्न चांगला उभा राहतो.

प्रोजेक्ट लिहिताना मी दुसऱ्या पानावर एक ओळ घातली. 'या प्रयोगाचे पहिले आकडे मी मनाने लिहिले होते. खरे आकडे मी नष्ट केले.' सरांनी मला असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनी ते पान वाचलं, पुढचं उलटलं आणि शेवटी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे? असं कुणी लिहितं का?"

"मी खोटे लिहिले होते, मॅडम," मी म्हणाले. "मला भीती वाटली होती. न शिकलेल्या गोगलगायी दचकत नव्हत्या आणि का, ते मला कळत नव्हतं." मग मी पेल्याबद्दल सांगितलं. जमिनीबद्दल, खात्याबद्दल सांगितलं. बाईंनी त्या एका ओळीचे गुण कापले आणि पुढे अर्धा तास गोगलगायींबद्दल विचारत बसल्या.

बाहेर आले तर सर व्हरांड्यात उभे होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात एक खटकत होतं.

"सर, पहिल्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा मला बोलता आलं नव्हतं. आज बोलताना काहीच वाटलं नाही. म्हणजे मी धीट झाले, की मला त्याची फक्त सवय झाली?"

सरांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर येत असे. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मला नाही माहीत गं," ते म्हणाले. "आत दोन्हींत तीच प्रथिनं हलत असणार. मग फरक कुठे आहे? तू शोध ना. मला सांगायला ये."

संध्याकाळी आबा पाळीवर जायच्या आधी जेवत होते. मी त्यांना सांगितलं, परीक्षा झाली, थोडे गुण गेले, खोटं लिहिलं होतं म्हणून. ते सगळंच सांगितलं. आबा जेवायचे थांबले नाहीत. मग मी म्हणाले, "सरांनी मला एक प्रश्न दिलाय. त्यांनाही येत नाही."

"त्यासले बी येत नही?"

"नाही."

आबांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला, हात धुतले. डब्याची पिशवी उचलून दारापर्यंत गेले आणि वळले.

"कितला दिननं काम शे ते?"

"दोन वर्षांचं," मी म्हणाले.

त्यांनी चपलेत पाय घातले.

"मंग कर," म्हणाले. "सचिनवालाले मी सांगस."